महाराजांचा अंगठा

शहाण्णव सालची गोष्ट. उंब्रजच्या पारावर मुंगी शिरायलाही जागा नव्हती. रक्तपारखी महाराज पोराचा खरा बाप ओळखणार होते, आणि शेजाऱ्याची भानगड फुकटात बघायला मिळत असताना घरी बसतंय कोण? महाराजांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग फौजी वीरधवलचं आणि त्याच्या तान्ह्या पोराचं बोट चिमटीत धरून हळदीच्या पाण्यात बुडवलं. पिवळं पाणी लालभडक झालं.

"रगात परकं हाय," महाराज म्हणाले. "देव खोटं बोलत न्हाई."

पोराचे डोळे घारे, एवढंच निमित्त. सासू मनुबाईनं त्याच दिवशी वीरधवलच्या बायकोचं, साक्षीचं बोचकं दारात ठेवलं. वीरधवल खाली मान घालून उभा राहिला. साक्षीला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. माहेरी जाऊन तिनं स्वतःच कोर्टात रक्ततपासणी मागितली. तिघांचं रक्त हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेलं.

मधे भावाचं लग्न झालं. हळदीच्या कपड्यांना साबण लावताना साक्षी एकदम थबकली आणि मग मनाशीच हसली.

अहवाल आला तेव्हा महाराज पुन्हा पारावर होते. दवाखान्यातल्या डॉक्टर आम्रपालींनी तो सगळ्यांना समजावला. "रक्तातल्या डीएनएमध्ये ठराविक जागी खुणा असतात. प्रत्येक जागी एक आईकडून आलेली, एक बापाकडून. पोराच्या आईकडच्या खुणा वगळल्या, तर उरलेली प्रत्येक खूण वीरधवलशी जुळते. इतक्या ठिकाणी योगायोग होत नाही."

"कागुद कुनीबी लिवंल," मनुबाई म्हणाली. "पानी आमी डोळ्यानं बघितलंय."

"मग परत बघू," साक्षी पुढं झाली. "महाराज, तुमचा एकट्याचा अंगठा बुडवा."

"आज आमचं मौन हाय," महाराजांनी मोठ्यानं सांगितलं.

वीरधवलनं त्यांचं मनगट धरून अंगठा समोरच्या हळदीच्या पाण्यात घातला. पाणी लाल.

"म्हंजी म्हाराज सोताचंच न्हाईत व्हय?" केरबा पैलवानानं विचारलं, आणि पार हसण्यानं दणाणला.

"आत्याबाई, हळदीच्या लुगड्याला साबण लावल्यावर काय हुतं?" साक्षीनं सासूला विचारलं.

"लाल हुतंय," मनुबाई सवयीनं बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

साबणानं होतं तेच चुन्यानं होतं. महाराजांच्या अंगठ्याला तंबाखूचा चुना होता. निकाल पिवळा हवा असला की ते आधी अंगठा धोतराला पुसत. गावात कुणाच्या अंगठ्याला चुना नसतो? म्हणूनच कुणाचं लक्ष गेलं नाही.

"चल घरी," वीरधवल पुटपुटला.

"पोरगं तुमचं हाय, ते हैदराबादनं सांगितलं," साक्षी म्हणाली. "मी खरी हाय, हे तुमाला कोन सांगनार?"

पोराला घेऊन ती माहेरच्या एसटीत बसली.

तेव्हा मंडळी, उद्या तुमच्या पारावर कुणी पाणी लाल करून दाखवलं, तर आधी त्याला हात धुवायला लावा. कुणाच्या लेकीच्या अब्रूचा निकाल लावण्याआधी एवढी तसदी घ्यायलाच हवी.