हौदाचं चाक

भिमाजी भोई आणि त्याचा धाकटा भाऊ रंगराव, दोघांचं पोट पवनेवर. पिंपरीच्या खालच्या अंगाला नदीत मोठा डोह होता. मरळ, वाम, शिंगटा, काय हवं ते मिळायचं. भाऊ जाळी टाकायचे आणि भिमाजीची बायको अंबुबाई खडकीच्या बाजारात मासळी विकायची. रंगरावाची बायको बाळंतपणात गेली होती, तेव्हापासून तो त्यांच्याच घरात राहत होता.

पंचावन्न-छप्पन सालात चिंचवडकडून एकेक कारखाना उभा राहू लागला. त्यातला एक रंग बनवणारा. पुढच्या उन्हाळ्यात डोहातले मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले. बाजारात लोक अंबुबाईची पाटी हुंगून पुढं जाऊ लागले.

गावातली चार माणसं, त्यात हे दोघं भाऊही, कारखान्याच्या साहेबाकडं गेली. साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नदीचं बघू. तुमच्यातल्या दोघांना कामाला घेतो."

रंगराव तिथंच वळला. "नदी मारली त्याचं पाणी भरू व्हय?" तो भावाला म्हणाला. दुसऱ्या दिवशी भिमाजी गेटावर जाऊन उभा राहिला.

काम सोपं होतं. कारखान्यातलं वापरलेलं पाणी एका मोठ्या हौदात साठायचं. हौदाचं लोखंडी चाक फिरवलं की झडप उघडायची आणि पाणी ओढ्यावाटे नदीत जायचं. भिमाजी दिवेलागणीला, घाट रिकामा झाल्यावर, चाक फिरवायचा. त्याआधी ओढ्याच्या तोंडाशी जाऊन हाळी द्यायचा, "पानी सोडतोय, वर या!" हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

कारखान्यातलं त्याला आवडायचंही. गावात पाटलाच्या ओसरीखाली उभा राहणारा तो माणूस. इथं कँटीनच्या बाकावर पाटलाचाच पुतण्या त्याच्या शेजारी बसून चहा प्यायचा, "भिमाजीराव" म्हणायचा. ती हाक ऐकली की त्याचं अंग ताठ व्हायचं. घरी मात्र रंगराव त्याच्याशी बोलेना. अंबुबाईच्या हातचं जेवायचा आणि उठून जायचा. अजूनही तो डोहात जाळं टाकायचा. काहीच लागायचं नाही, तरी टाकायचा.

एका दुपारी आत कुठलासा अ‍ॅसिडचा नळ फुटला. हौद तुडुंब भरून बाहेर सांडायला लागला. सुपरवायझर यशवंतराव धावत आला.

"भिमाजी, सोड पाणी! आत्ता!"

"साहेब, घाटावर बाया हायती. आज निसतं तिजाब हाय त्यात. जरा दम धरा, मी त्यास्नी वर काढतो."

"मशिनरी बुडेल माझी!"

"आलोच, साहेब," म्हणत भिमाजी धावत सुटला. काट्याकुट्यातून अनवाणी पळत, वरूनच ओरडत तो घाटावर आला. बाया धुणं टाकून वर पळाल्या. रंगराव डोहात छातीभर पाण्यात होता. जाळं कशात तरी अडकलं होतं.

"रंगा! भाइर ये! पानी सुटंल!"

रंगरावानं मान वळवली, भावाला पाहिलं आणि पाठ फिरवली. जाळं सोडवायला त्यानं पाण्यात बुडी मारली.

ओढ्यातून पिवळा लोट आला. यशवंतरावानं दम धरला नव्हता; चाक स्वतःच फिरवलं होतं. रंगराव वर आला तो त्या लोटातच. त्याची किंकाळी ऐकून बाया रडायला लागल्या. भिमाजीनं उडी घेतली, त्याला ओढून काठावर आणलं. लोक विहिरीचं पाणी आणून डोळ्यांवर ओतत राहिले. मग बैलगाडीत घालून पुण्याला दवाखान्यात नेलं. डोळे गेले.

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात पट्ट्या बांधलेला रंगराव पहिल्यांदाच बोलला.

"दादा, झडप तू उघडलीस?"

"न्हाई रं. आईची आन. म्या तुझ्याकडंच पळत हुतो."

"पर रोज तूच उघडत हुतास न्हवं?"

भिमाजीनं त्याचं पांघरूण सारखं केलं.

सरकारकडून चौकशीला माणूस आला तेव्हा यशवंतरावानं भिमाजीला बाजूला घेतलं. "एवढंच सांग, हाळी दिली होती आणि त्यानं ऐकली नाही. खोटं कुठं आहे त्यात? चाक कुणी फिरवलं ते नको काढू. नाहीतर उद्यापासून तूही भावासारखा घरी बस."

त्या संध्याकाळी भिमाजीनं अंबुबाईला विचारलं, काय सांगू. ती चुलीपुढं बसली होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

"खरं सांगा," ती म्हणाली. मग आतल्या अंधारात निजलेल्या दिराकडं पाहून म्हणाली, "पर त्यास्नी जेवाय काय घालू?"

आतून रंगरावाचा आवाज आला. "सांग त्यो म्हनतोय तसं. माझं डोळं काय माघारी येत्यात?"

यशवंतरावानं सांगितलं तसंच भिमाजीनं सांगितलं. हाळी दिली होती. त्यानं ऐकली नाही. साहेबानं भिमाजीच्या पाठीवर हात ठेवला आणि अपघाताचं प्रकरण मिटलं. गावात मात्र त्याच्या भावाचे डोळे त्यानंच घेतले, असं लोक बोलू लागले. त्यानं कुणाचं बोलणं खोडून काढलं नाही.

दिवेलागणीला तो पुन्हा हौदावर जाऊ लागला. घाटावर आता कुणी येत नव्हतं, म्हणून हाळीही द्यावी लागत नव्हती. घरी परतल्यावर अंगणात तो तांब्या-तांब्यानं अंग घासायचा. तरी वास जायचा नाही; उंबऱ्यात पाऊल टाकलं की रंगराव ताट घेऊन हळूच दुसरीकडं तोंड करून बसायचा, आणि अंबुबाई नवऱ्याला वाढायची.