घुटमळणारा इसम

बिल्ल्याची टाचणी पुन्हा वाकली होती, आणि बिल्ल्यावरचा डोळा – कलाशिक्षकांनी जागरूकतेचं प्रतीक म्हणून काढलेला – नेहमीसारखाच अर्धवट मिटून, जेवणानंतरच्या तासाला शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखा, त्याच्याकडे बघत होता. डोळ्याभोवती गोलाकार अक्षरं : ‘परिसर सुरक्षा समिती – अध्यक्ष’. पहिल्या खेपेला ‘समीती’ छापून आलं होतं म्हणून त्याने सगळे बिल्ले परत पाठवले होते. दुसऱ्या खेपेला अक्षरं शुद्ध आली आणि टाचण्या बिघडल्या. सदऱ्याला भोक पडायचं, मग बिल्लाही पडायचा. तेव्हापासून बिल्ला टेबलाच्या खणात असे आणि अध्यक्ष बिल्ल्याशिवाय हिंडत असे... मुलं त्याला पाठीमागे ‘शुद्धलेखन’ म्हणत हे त्याला ठाऊक होतं. म्हणेनात का. निदान ‘शुद्ध’मधलं जोडाक्षर नीट उच्चारतात.

त्याने खण लोटला तेवढ्यात फोन थरथरला. मुलींसाठी निनावी संदेशांची सोय समितीनेच केली होती. लिहिणारी कोण ते कळत नसे, पण समितीच्या नावाने तिला उत्तर धाडता येई. त्याने चष्मा वर केला.

‘ग्रंथालयामागच्या वाटेवर रोज संध्याकाळी एक म्हातारा घुटमळत असतो. गळ्यात मफलर, हातात कापडी पिशवी. खिडक्यांकडे बघत उभा राहतो. काल माझ्या मागे मागे फाटकापर्यंत आला. मी थांबले की थांबायचा. आजपासून मी कार्यशाळेच्या मागून जाणार. प्लीज काहीतरी करा.’

पहिल्यांदा झाला तो – खोटं कशाला बोला – आनंद. ‘घुटमळत’. हा त्याचा शब्द होता. सूचनाफलकाच्या मसुद्यावर बैठक बसली तेव्हा बाकीचे ‘संशयास्पद हालचाली’वर समाधानी होते, आणि तो एकटा भांडला होता की हालचाली कसल्या, संशयास्पद माणूस हलतच नाही, तो घुटमळतो, हा शब्द भाषेत आहे तो काय शोभेला आहे? फलक लागला : ‘कामाशिवाय घुटमळणारा, खिडक्यांकडे वारंवार पाहणारा इसम आढळल्यास कळवा.’ आणि आज कुणीतरी तो शब्द वाचून, समजून, योग्य जागी वापरला होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे फार वेळा घडलं नव्हतं.

दुसऱ्यांदा आला तो संताप. रोज येतो म्हणजे काय? आपण स्वतः त्याच वाटेने रोज संध्याकाळी फेरी मारतो, कुठला दिवा गेलाय, ग्रंथालयाच्या कुठल्या खिडकीचा गज ढिला आहे हे मान वर करकरून बघतो, आणि आपल्या नाकाखाली हा थेरडा... आज याला धरलाच पाहिजे. आत्ताच जाऊन जागा बघून ठेवू, म्हणून तो उठला, खुंटीवरचा मफलर गळ्यात टाकला, कापडी पिशवी उचलली...

आणि पिशवी हातात धरून तो बराच वेळ तसाच उभा राहिला. घुटमळलाच म्हणा.

काल. काल ती मुलगी पुढे चालली होती, पाठीवर निळं दप्तर, आणि वाटेवरचे दोन दिवे बंद म्हणून त्याने ठरवलं होतं की फाटकापर्यंत हिच्यावर लक्ष ठेवावं – लांबून, तिला अवघडल्यासारखं होऊ नये इतक्या लांबून. ती थांबली तेव्हा तोही थांबला, ते सभ्यपणा म्हणून. घरी गेल्यावर हे बायकोला सांगितलंही होतं, जरा छाती काढूनच, आणि ती भाजी निवडता निवडता म्हणाली होती, “तिला सांगितलंत का, की तुम्ही लक्ष ठेवताय?” “सांगायचं काय त्यात?” तो म्हणाला होता. माझ्याकडे बघून कळत नाही?

...कळत नाही, असं दिसतं. आणि म्हातारा. म्हातारा कशावरून? पाठमोरं चालताना मागच्याचं वय दिसतं का?

पण हा वैताग त्याला मनासारखा उपभोगता येईना, कारण संदेशातलं शेवटून दुसरं वाक्य मध्ये येत होतं. कार्यशाळेच्या मागून. समिती जन्माला आली तीच त्या वाटेमुळे – तिथेच एका मुलीची पिशवी हिसकावून कुणीतरी पळालं, ती फरफटली, मनगट मोडलं, आणि पळणारा अजून मिळाला नव्हता. त्या वाटेला एक खांब आहे. खांबावर दिवा नाही. बांधकाम विभाग म्हणतो खांब आमचा, दिवा विजेवाल्यांचा. विजेवाले म्हणतात दिवा आमचाच, पण तो लावायचा खांब आमचा नाही. आणि आता ती पोरगी, परिसरातल्या सगळ्यांत सुरक्षित माणसाला भिऊन, परिसरातल्या सगळ्यांत वाईट वाटेने जाणार होती. व्याकरणात याला काही नाव नाही.

प्राचार्यबाईंनी तासानंतर बोलावलं. प्रत्येक संदेशाची आणि उत्तराची प्रत त्यांना जात असे.

“वाचलंत?”

“वाचलं.”

“काय भयंकर आहे हो. तुम्ही तर रोज त्याच वाटेला असता. तुमच्या नजरेला नाही पडला?”

“नाही,” तो म्हणाला. आणि हे शब्दशः खरं होतं. स्वतःला कोण बघतो?

“मग आजच फलक लावा. वर्णनासकट.”

“वर्णन कशाला? ‘म्हातारा’ हा शब्द तसा सापेक्ष आहे...”

“तुमचे शब्द राहू द्या जरा. ती मुलगी कार्यशाळेमागून जातेय, ते बघा आधी. तिच्या आईला काय सांगू मी, आमचे सर शब्द तपासतायत?”

इथे सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं, साधं, कर्ता-कर्म-क्रियापद. त्याने तोंड उघडलंही. पण शेजारी शिक्षकांची खोली होती, आणि तिथलं हसणं त्याला आधीच ऐकू आलं – काय शुद्धलेखन, सापडला का इसम? – निवृत्तीपर्यंत पुरेल असं हसणं. “बघतो,” तो म्हणाला आणि बाहेर पडला.

फाटकावर पहारेकरी ऊन खात बसला होता. सगळे त्याला मामा म्हणत.

“मामा, ग्रंथालयामागे कुणी म्हातारा दिसतो का हो? मफलरवाला?”

मामांनी त्याच्या गळ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. “दिसतो ना.”

“ओळखता?”

“ओळखतो म्हणजे... आमचा पगार एकाच दिवशी होतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“कुणाला बोलू सर? तक्रार अध्यक्षांकडे करायची असते.” आणि जरा वेळाने, समजूत घातल्यासारखं, “माणूस साधा आहे. फक्त चालतो जरा तसा.”

“तसा म्हणजे कसा?”

“आता ते तुमच्यासारखं शब्दात नाही येत मला.”

रिकाम्या तासाला त्याने फोन पुढ्यात ठेवला. उत्तर लिहायचं, प्रश्न मिटवायचा. यात काय आहे? आयुष्यभर वाक्यंच केली. ‘सदर इसम हा समितीचाच सदस्य असून...’ – असून काय? म्हणून तो मागे येतो? खोडलं. ‘आपण निश्चिंत राहावे, संबंधितांचा हेतू शुद्ध आहे.’ हेतू शुद्ध आहे असं ज्याच्याबद्दल सांगावं लागतं त्याच्या वाटेला मी तरी जाईन का? खोडलं. मग, वैतागून, अगदी घरगुती : ‘घाबरू नकोस, तो मीच आहे.’

त्याने ते एकदा वाचलं, मग चष्मा काढून वाचलं. आपल्या हातून याहून भयानक वाक्य कधी उतरलं नव्हतं. आणि एकही चूक नव्हती त्यात. ‘काळजी करू नकोस’... ‘मी तुझ्यावर लक्ष ठेवून होतो’... ‘तुझ्या भल्यासाठीच’... जे लिहावं ते तो मफलरवाला म्हाताराच बोलायला लागे, दबक्या, गोड आवाजात. आपले सगळे चांगले शब्द त्याने आधीच वापरून ठेवले आहेत की काय? स्वतःचं नाव घालावं, तर ते टाइप करताना बोट प्राचार्यबाईंच्या प्रतीपाशी अडखळे. नाव नसलं की वाक्य भयंकर, नाव असलं की मी हास्यास्पद. त्याने फोन पालथा घातला. मग उताणा केला. मग पुन्हा पालथा.

संध्याकाळी मफलर त्याने खुंटीवरच ठेवला. पिशवीही. गळ्याला गार लागत होतं आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. खिशात घातले तर आपण आणखीच तो इसम वाटू. ग्रंथालयाची वाट टाळून तो कार्यशाळेच्या मागे गेला. कशाला? खांबावर दिवा नाही, तर निदान खांबाखाली माणूस असावा म्हणून... हे विधान त्याला स्वतःलाच पटलं नाही. भिंतीशी उभं राहिलं तर दबा धरल्यासारखं, खांबाशी राहिलं तर वाट बघितल्यासारखं, फेऱ्या घातल्या तर – तेच. माणसाने कारणाशिवाय नुसतं उभं राहावं याला भाषेत एकही सभ्य क्रियापद असू नये? उजेड अजून होता, पण कामचलाऊ.

ती वळणावरून आली. तीच का, कोण जाणे. त्याने तिची फक्त पाठ पाहिली होती, आणि पाठीवरून चेहरा कसा ओळखू यावा. तिनेही त्याला पाहिलं. पाय तसेच चालत राहिले, पण दप्तर पाठीवरून पुढे आलं, छातीशी. आणि फोन कानाला गेला – वाजला नव्हता.

“हो बाबा,” ती मोठ्याने म्हणाली. “फाटकाशीच ना? हो, दिसताय मला. तिथेच उभे राहा, आलेच.”

इथून फाटक दिसत नाही, हे आधी त्याच्या लक्षात आलं. मध्ये कार्यशाळेची अख्खी भिंत आहे. मुलीचं विधान चूक आहे. आणि त्या चुकीला कुठेतरी आपण आधीही लाल रेघ मारली आहे असं वाटलं... बायकोचा फोन. टॅक्सीतून यायचा, उशीर झाला की, टॅक्सीवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “खाली उभे आहात ना?” “मी कशाला खाली उभा राहू? मी आंघोळीला चाललोय.” “बरं बरं, उभेच राहा, आलेच मी.” किती चिडायचो मी. आंघोळीला म्हटलं, आंघोळीला. ऐकू येतं का तुला? शेवटी तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत.  परतीच्या टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती, आणि तो तिला सांगत होता की मग लक्ष देत जा...

मुलगी अगदी समोर आली होती. त्याने बाजूला सरकावं की सरकण्याने आणखी वाईट होईल हे ठरेना. बघावं तर बघणं, मान फिरवावी तर मान फिरवणं. ती त्याच्याकडे न बघता जात होती आणि न बघण्यात तिची सगळी ताकद चालली होती, हे त्याला अगदी जवळून, अगदी स्वच्छ दिसत होतं.

“बाबा? उभे आहात ना?”

पलीकडून कुणी बोललं नाही. कोण बोलणार. आणि त्याच्या घशात, कमावलेल्या, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात, एक शब्द वर आला – हो – आणि त्याने दात मिटले.

पावलं पुढे गेली, भरभर, मग भिंतीआड. तो खांबाखाली उभा होता. शब्द अजून तोंडातच होता, आणि बोलताही येत नव्हता, गिळताही.