कुलपातल्या घराची बिडी

आमच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, नाकापुढं पोलिसांचं कुत्रंसुद्धा हात जोडेल. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे आमच्याकडं ठरलेलंच. पण मला दिवस गेल्यापासून बिडीच्या वासानंही खोकल्याची उबळ यायची. म्हणून अव्वानं अप्पांना बजावलं, "बिडी सुटली तरच लेक सोलापूरला येईल. न्हाईतर होऊ दे तिकडं मोडनिंबलाच."

अप्पांनी जन्माची बिडी सोडली. पण अव्वाला वास यायचाच. ती त्यांचे खिसे चाचपायची, तोंडाचा वास घ्यायची. वर वास मारायला म्हणून खिडक्या लावून दोन्ही वेळेला धूप घालायची. धूप विझला की बिडी पुन्हा हजर, आता धुपाला सोबत घेऊन. अप्पा मला फोन करून रडकुंडीला यायचे. "दानेश्वरी, सिद्धरामाची आण, न्हाय ओढली." बिचारे! इकडं माझा आठवा जवळ येत होता आणि सासूबाई मोडनिंबचाच दवाखाना बघायला लागल्या होत्या.

तेवढ्यात अक्कलकोटला मावसबहिणीचं लग्न निघालं. दोघं घराला कुलूप लावून गेली. तिथं अव्वानं अप्पांना नजरेआड होऊ दिलं नाही. पंगतीतसुद्धा बायकांच्या ओळीत शेजारी बसवलं. पाहुणे अजून हसतात. परतल्यावर भर दुपारी कुलूप तिनंच काढलं. दार उघडलं आणि बिडीचा असा भपका आला की ती उंबऱ्यातच थांबली. मागं पिशव्या घेऊन अप्पा उभे.

तिनं तिथूनच मला फोन लावला. घरात कोण शिरलं होतं, असं विचारायला लागली. मग मी कालच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तिला सांगितलं. गाद्या, पडदे, भिंतीसुद्धा वर्षानुवर्षं धूर पितात आणि घर बंद राहून तापलं की तो परत सोडतात. धूपही त्यातच मुरतो.

नवरात्र लांब होतं, तरी घट बसायच्या आधीचं धुणं अव्वानं दुसऱ्याच दिवशी काढलं. चादरी, वाकळा, पडदे, सगळं दोरीवर. गाद्यांचा कापूस बदलला, भिंती खरवडून चुना दिला, खिडक्या दिवसभर सताड उघड्या. यंदा देवी लवकर आली की काय, असं गल्ली विचारायची. वास काही एका दिवसात गेला नाही, पण हळूहळू विरला. अप्पा रोज एकेक चादर हुंगून मला फोनवर निकाल सांगायचे, आणि मी पोट धरून हसायची.

मी माहेरी आले. घरात पाऊल टाकलं, पोटभर श्वास घेतला आणि खोकला आलाच नाही. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

माझ्या लेकीला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सगळी गल्ली दारात होती. बाळाला घ्यायला बायकांचे हात पुढं आले. अव्वानं कुणालाच दिलं नाही. ती सरळ अप्पांकडं गेली आणि बाळ त्यांच्या हातात ठेवलं.

"लबाड भिंती हुत्या," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "ह्ये खरंच बोलत हुते."

अप्पांच्या डोळ्यांना धार लागली. दोन्ही हातांत बाळ, पुसणार कशानं? अव्वानंच पदर पुढं केला.