दोन मोकळ्या जागा

माझ्या धाकट्या भावाचे पहिले बोट मोडले, तेव्हा शेजारच्या कारखान्यातील पत्रा कापणारा प्रेस धडधडत होता. आणि म्हणून ती किंकाळी आमच्या चार भिंतींबाहेर कुणाच्याही कानी गेली नाही.

भर दुपार होती. जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून पुन्हा जिवंत करणे हा माझा व्यवसाय. त्या दुकानाच्या एका कोपऱ्यात, भार उचलायच्या साखळीकप्पीच्या पलीकडे, धाकट्याचे टेबल आणि संगणक. त्याला आम्ही घरात बारक्या म्हणतो. दोन माणसे मोटर दाखवायची आहे म्हणून आत आली आणि त्यांनी शटर आतून ओढून घेतले. एक होता चष्मेवाला, सडपातळ, हातात जाड कातडी हातमोजे, कमरेला पिस्तूल. दुसऱ्याची मान खांद्यांतच रुतलेली. त्याला मी मनातल्या मनात रेडा हे नाव ठेवले, आणि पुढे जे घडले ते पाहता त्या मुक्या जनावराची क्षमाही मागितली.

"सही करतोस का?" चष्मेवाल्याने विचारले.

"नाही," बारक्या म्हणाला.

चष्मेवाला हसला. "तुझं ते अवजार कसं विचारतं रे? 'तुम्हाला असे म्हणायचे होते का?' मग मीपण विचारतो. 'नाही' म्हणालास. तुला 'हो' म्हणायचं होतं का?"

आणि त्याने रेड्याला मान हलवून खूण केली.

येथे त्या अवजाराविषयी सांगणे क्रमप्राप्त आहे. त्याचे नाव वाटाड्या. ज्या संगणकांवर चित्रे दाबून नव्हे, तर आज्ञा टंकून काम होते, तेथे माणसाने एखादी आज्ञा चुकीची लिहिली, की वाटाड्या विचारतो, 'तुम्हाला असे म्हणायचे होते का?' आणि खाली बरोबर आज्ञा दाखवतो. माणूस होकाराची कळ दाबतो, काम पुढे जाते. हे अवजार मुळात दूरदेशीच्या कुणा सज्जनाने लिहिले व फुकट वाटले. परंतु नुसते लिहिलेले अवजार कुणाच्या यंत्रात आपोआप नांदत नाही. त्याची बांधणी करावी लागते: सोबत काय काय लागते ते नमूद करणे, दुसऱ्या अवजारांशी त्याचे भांडण होणार नाही हे पाहणे, काय बदलले याची नोंद लिहिणे आणि अखेरीस आपली गुप्त सही करून ते सार्वजनिक कोठारात चढवणे. तेथून ते जगभर जाते. दवाखान्यांत जाते, पाणी सोडणाऱ्या पंपघरांत जाते. वाटाड्याची ही बांधणी बारक्या विनामोबदला करीत असे. माझी पत्नी त्याला म्हणायची, "भावजी, लोकाचं लेकरू कडेवर घेऊन तुम्हीच दमा."

मूळ लेखकाने लिहिणे सोडले आणि त्याच सुमारास एक मदतनीस उगवला. कधी न पाहिलेला, पत्रांतूनच भेटणारा. चुका शोधून द्यायचा, दुरुस्त्या पाठवायचा, बारक्या आजारी पडला तर 'बंधू, आधी प्रकृती' असे लिहायचा. मग एके दिवशी त्याने सुचवले, 'बंधू, तू थकलास. सहीची किल्ली माझ्याकडे दे.' बारक्याने त्याच्या दुरुस्त्या मागे जाऊन पुन्हा वाचल्या. गोड बोलून केसाने गळा कापणे म्हणतात तो प्रकार होता. त्या बदलांचे तुकडे जोडले असता, माणूस होकाराची कळ दाबताच दाखवलेली आज्ञा तर चालेल, पण तिच्या पाठीमागून यंत्राचे दार परक्याला उघडेल. बारक्याने एका शब्दात नकार कळवला. मदतनिसाचे उत्तर पत्राने आले नाही. ते शटर ओढून आत आले.

दुसरे बोट मोडले, मग डावे मनगट पिरगळले. मी रेड्यावर धावलो, तर त्याने एकाच लाथेने मला तारेच्या रिळांत पाडले आणि माझ्याच बाकावरच्या लोखंडी शिकंज्यात माझा डावा पंजा घालून दांडा फिरवला. चामडी फुटली. रक्त बाकावरून खाली ठिबकू लागले. मी ओरडणार नाही असे ठरवले होते. ते ठरवणे दांड्याच्या दुसऱ्या फेऱ्यापर्यंत टिकले.

"दादाला सोडा!" बारक्या रडत म्हणाला. "करतो. करतो सही. त्याला सोडा."

"नको करूस रे!" मी म्हणालो.

"गप बस तू, दादा!"

चष्मेवाल्याने बारक्याला मानगुटीला धरून खुर्चीवर आदळले आणि मग त्याच्या हातांकडे पाहिले. उजव्याची दोन बोटे उलट्या बाजूला वळली होती आणि डावा मनगटातून टम्म सुजला होता. चष्मेवाल्याने रेड्याकडे अशा नजरेने पाहिले, की क्षणभर मला वाटले, आता हे दोघे एकमेकांचाच मुडदा पाडतील.

"अक्कल गहाण टाकलीस का? दोन्ही हात कशाला मोडलेस? आता टाईप कोण करणार, तुझा बाप?"

"तूच म्हणालास, मोड म्हणून," रेडा पुटपुटला.

"तू कर की मग टाईप," असेही तो पुढे म्हणाला. पण चष्मेवाला हातमोजे काढायला तयार नव्हता, बोटांचे ठसे मागे ठेवायचे नव्हते. आणि त्या जाड बोटांनी एकेक कळ दाबणे म्हणजे पहारीने सुई उचलणे.

"माझा दादा करेल," बारक्या म्हणाला. "त्याला येतं. मला ताप होता तेव्हा त्यानेच लिहिलं होतं."

हे खरे होते, आणि ते आमच्या घरात विनोद म्हणून प्रसिद्ध होते. बदलाच्या नोंदीखाली शेवटी एक ओळ असते: बांधणाऱ्याचे नाव, त्याचा पत्ता आणि तारीख. पत्ता आणि तारीख यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात. एक सोडली, तर कोठाराच्या दारावर बसवलेले तपासनीस यंत्र ती बांधणी परत फेकते. मी दर वेळी एकच सोडत असे. त्या तापात बारक्या अंथरुणातून ओरडला होता, "दादा, दोन! दोन जागा!" आणि मी म्हणालो होतो, "काही नसलेलं दोनदा कशाला लिहायचं?" माझा हात तसा वळतच नाही. आमच्या धंद्यात तारेला तार चिकटून बसावी लागते. मध्ये फट राहिली, की ती मोटर जळालीच समजा.

शिकंजा सैल करून मला टेबलाशी ढकलण्यात आले. चष्मेवाल्याने पेनड्राइव्ह लावला. त्यातील बदललेला वाटाड्या आयता तयार होता; राहिली होती फक्त ती नोंद आणि सही. त्याने एका हाती पिस्तूल धरले आणि दुसऱ्या हाती बटणांचा जुना फोन. फोनमधून आवाज आला. शांत, मायाळू.

"बंधू, फार लागलं नाही ना?"

बारक्याने त्याला जी शिवी दिली, ती मी येथे लिहीत नाही. रेड्याने त्याच्या सुजलेल्या मनगटावर थाप मारली. बारक्या खुर्चीतल्या खुर्चीत पिळवटला.

"दादा," धापा टाकत तो मला म्हणाला, "शेवटची ओळ नेहमी लिहितोस ना, अगदी तशीच लिही."

मी त्याच्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. परंतु लहानपणी आईच्या पाठीमागे उभा राहून तो मला जशी खूण करायचा, तशी भुवई त्याने किंचित उचलली.

मी एका हाताने टंकले. नाव. पत्ता. एक मोकळी जागा. तारीख. माझ्या रक्ताने कळा चिकट झाल्या होत्या.

"वाचून दाखव," फोनमधील आवाजाने चष्मेवाल्याला फर्मावले. "अक्षरन् अक्षर."

चष्मेवाल्याने वाकून सगळी ओळ वाचली. नाव वाचले, पत्ता वाचला, तारीख वाचली. मोकळ्या जागेला आवाज नसतो.

"बरोबर आहे," मदतनीस म्हणाला. "सही."

पडद्यावर सहीचे गुप्त वाक्य विचारले गेले. रेड्याने तिसरे बोट हाती घेतले.

"दादाच्या घोरण्याने पत्रे हलतात," बारक्या म्हणाला.

"काय?"

"तेच वाक्य आहे. लिही, दादा."

रेडा फिस्सकन हसला. मी मात्र, माझ्या भावाने जगापासून जपलेले ते गुपित माझ्याच नावाचे आहे हे कळून, डोळे पुसत पुसत ते टंकले. पडद्यावर ओळींची रांग धावू लागली. मध्येच एक ओळ पिवळी उमटली.

"थांब! हे पिवळं काय?" पिस्तुलाची थंड नळी माझ्या कानामागे टेकली.

"ती नुसती सूचना," बारक्या म्हणाला. "अशा रोज येतात. खरी चूक तांबडी असते. विचार तुझ्या मालकाला."

चष्मेवाल्याने विचारले. "पिवळीला कोण भीक घालतो?" मदतनीस म्हणाला. आणि खाली शब्द उमटले: चढवणे पूर्ण.

मला वाटले, सुटलो. रेड्याने तर अंगावरची धूळही झटकली. परंतु तो मायाळू आवाज म्हणाला, "निघू नका. तपासनिसाची पोच येऊ दे. ती आली, की मग दोघांचं काय करायचं ते सांगितलंय."

काय करायचे हे कुणी फोड करून सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. त्यांनी तोंडे झाकलेली नव्हती.

पोच येणार होती, आणि ती नकाराची असणार हे त्या चौघांत आम्हा दोघांनाच ठाऊक होते. मी सभोवार पाहिले. टेबलाच्या अलीकडे, साखळीकप्पीला, पंपाची एक अवजड मोटर छातीइतक्या उंचीवर लोंबत होती. सकाळी उचलून ठेवलेली. तिचा रोख थेट खुर्चीवरून जात होता.

"पाणी पिऊ दे," मी म्हणालो.

"पी. आणि जास्त हलू नकोस."

माठ मोटरीच्या मागे होता. मी तेथवर गेलो. तितक्यात संगणकातून पत्राची घंटा वाजली. चष्मेवाला वाकला.

"आलं. काय लिहिलंय... 'शेवटच्या ओळीची रचना अयोग्य.' 'नाकारले.'" तो वळला. "नाकारलं? अरे ए..."

"खाली, बारक्या!" मी ओरडलो आणि अंगातले सगळे बळ लावून मोटर ढकलली.

बारक्या खुर्चीसह कोसळला. मोटर त्याच्या डोक्यावरून गेली आणि चष्मेवाल्याच्या जबड्यावर लागली. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. गोळी सुटली, छताच्या पत्र्याला भोक पडले. तो टेबलावर आडवा झाला, पिस्तूल कोठेतरी घरंगळले. रेडा माझ्यावर आला. त्याच्या हातात माझाच पाना होता. पहिला तडाखा माझ्या डाव्या खांद्यावर बसला, हाड आतल्या आत सरकले; दुसरा डोक्यावर येणार, तोच बारक्याने जमिनीवरूनच त्याच्या पोटरीचा लचका दातांनी तोडला. हात नव्हते म्हणून दात. रेडा गुरासारखा हंबरला व खाली वाकला, आणि परत हेलकावत आलेली मोटर त्याच्या कानशिलावर बसली.

मी पाना उचलला. रेड्याच्या गुडघ्यावर मारला. तो पडला. मी पुन्हा मारला. तो हात जोडत होता. मी त्या जोडलेल्या हातांवर मारला, बोटांवर, एकेका बोटावर. मला थांबावेसे वाटत नव्हते, हे सत्य आहे.

"दादा, बस! मरेल तो! दादा!"

शटर वर गेले. गोळीच्या आवाजाने प्रेसवरची माणसे धावली होती आणि त्यांच्या पुढे माझी पत्नी, हातात पहार घेऊन. तिने बारक्याचे हात पाहिले, माझा खांदा पाहिला, खाली विव्हळणारे दोघे पाहिले. मग ती पदराने बारक्याच्या तोंडावरचे रक्त पुसू लागली.

"माझं नाही ते, वहिनी," बारक्या म्हणाला. "त्याचं आहे."

तेव्हा ती रडली.

टेबलाखाली पडलेला तो बटणांचा फोन अजून चालू होता. "बंधू?" आतून विचारणा होत होती. "काय झालं? पोच आली का?"

बारक्या गुडघ्यांवर रांगत तेथवर गेला आणि फोनवर तोंड वाकवले.

"नाकारलं," तो म्हणाला.

पलीकडून फोन बंद झाला. तो माणूस पुढे कधीच हाती लागला नाही. पोलिसांनी नेले ते दोघे भाडोत्रीच. त्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते.

त्याच संध्याकाळी, दवाखान्याच्या खाटेवरून, बारक्याने जुनी सही रद्द केल्याचे जगाला कळवले. त्याने सांगितले आणि मी लिहिले. मदतनिसाची प्रत्येक दुरुस्ती उपटून काढलेली नवी बांधणीही आम्ही तशीच केली. शेवटच्या ओळीशी मी आलो, तेव्हा तो 'दोन!' म्हणून ओरडला नाही. नुसता पाहत राहिला. मी एक जागा सोडली. थांबलो. मग दुसरी सोडली.

"शिकलास की," तो म्हणाला.

त्याच्या हातांत सळ्या घातल्या. हाडे सांधली, परंतु दोन बोटे ताठ राहिली. ती आता भलत्याच कळांवर पडतात. पूर्वी बारक्या मोठ्या अभिमानाने सांगत असे, की वाटाड्या सांभाळतो खरा, पण मला स्वतःला त्याची कधी गरज पडलेली नाही. माझी आज्ञा चुकतच नाही, असे तो म्हणे.

परवा मी मोटरीला तार गुंडाळत होतो. कोपऱ्यातून कळांचा आवाज येत होता, अडखळत, थबकत. मग तो बंद झाला. मी मान वर करून पाहिले. पडद्यावर बारक्याने वेडेवाकडे काहीतरी टंकले होते, आणि त्याखाली वाटाड्याने अदबीने विचारले होते: तुम्हाला असे म्हणायचे होते का?

बारक्या त्या ओळीकडे बराच वेळ पाहत बसला. मग त्याने हाताची मूठ उचलली आणि तिच्या कडेने, दार ठोठावावे तशी, होकाराची कळ दाबली.