दुरुस्तीच्या खर्चाचा कागद

“काहीतरी मोठं बिघडलंय असं लिहून द्या,” काकू म्हणाल्या. “गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त येईल, असं काहीतरी.”

गॅरेजवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. तीन वर्षांत काकू पहिल्यांदाच एकट्या आणि चालत आल्या होत्या.

“थट्टा करताय का काकू? गाडी आत्ता कुठे ठणठणीत झालीये.”

ते खरंच होतं. निवृत्त झाल्यावर काकांनी ती कापडी छपराची, बुटकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली तेव्हाच ती चौदा वर्षांची होती. आधीच्या मालकाने वरून रंग फासला होता, आत सगळा आनंदीआनंद. छपरातून पाणी गळायचं ते नेमकं काकूंच्या मांडीवर. मग रेडिएटर फुटला, क्लच गेला, दाराखालचा पत्रा गंजून चक्क हातात आला. सुटा भाग महिनोन्महिने मिळायचा नाही, आणि मिळाला की किंमत ऐकून घाम फुटायचा. “चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला,” मुलगी फोनवर म्हणायची. काका नुसते हसायचे. पस्तीस वर्षं त्यांनी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, वीतभर उजेडात, तोंडाला ग्रीस फासून. आता त्यांना छप्पर उघडून लांब कुठेतरी जायचं होतं. इस्पितळाच्या चादरी मोजण्यात जन्म गेलेल्या काकूही डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसायच्या. खोटं कशाला, त्यांनाही मजा यायची.

भीती नंतर आली, आणि दबकत आली. आधी काका हिरव्या दिव्यालाच थांबून राहिले. मागून हॉर्न वाजले तेव्हा म्हणाले, “लोकांना धीर म्हणून नाही.” मग एकदा घराच्या वळणावर त्यांनी विचारलं, “इथूनच ना गं?” काकूंनी ते हसण्यावारी नेलं. पण त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

“मंगळवारी काय झालं सांगते,” काकू गॅरेजवाल्याला म्हणाल्या. “शाळा सुटलेली. पोरं कठड्यामागे उभी. यांनी ब्रेक म्हणून दुसऱ्याच पेडलवर पाय दिला. गाडी उसळून फुटपाथवर चढली. कठडा एवढा राहिला, एवढा.” त्यांनी बोटं पसरून दाखवली. “एका मुलीची पाण्याची बाटली पडली हातातून. संध्याकाळी विषय काढला, तर म्हणाले, ‘कुठली शाळा?’”

“डॉक्टरांना दाखवा ना.”

“‘मला काय धाड भरलीय?’ म्हणतात. किल्ली लपवली, तर अख्खं घर उपसलं. रडकुंडीला आले हो. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना तसं पाहिलं नव्हतं.”

गॅरेजवाल्याने फडक्याला हात पुसले. “गेल्या आठवड्यात काका एकाच दिवशी दोनदा आले होते,” तो म्हणाला. “दोन्ही वेळा ऑइल बदलायचं म्हणून. मी कुणाला बोललो नाही.” मग खालच्या आवाजात म्हणाला, “उद्या घेऊन या त्यांना.”

दुसऱ्या दिवशी घरापासून गॅरेजपर्यंतचा सहा मिनिटांचा रस्ता काकूंना संपता संपेना. रस्त्यात कुणी पाऊल टाकलं की त्यांचा स्वतःचा पाय आपोआप खाली दाबला जाई. तिथे ब्रेक नव्हता. काका मात्र गुणगुणत होते. एक सायकलवाला आडवा आला. काकांनी बेताने ब्रेक लावला, सायकलवाल्याला हात दाखवला, आणि पुढे निघाले. अगदी पूर्वीसारखे. काकूंना वाटलं, आपलंच चुकत असेल तर? धडधाकट माणसाला आपण जिवंतपणी खुर्चीला बांधून ठेवतोय की काय? ही दुसरी भीती पहिलीहून वाईट होती.

गॅरेजवाल्याने इंजिन उघडून पाहिल्यासारखं केलं आणि खिशातला कागद पुढे केला. काकांनी चष्मा लावला.

“इंजिनाचा पट्टा तुटायच्या बेतात,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “तुटल्यास इंजिन निकामी.” खालचा आकडा त्यांनी दोनदा पाहिला. मग चष्म्यावरून गॅरेजवाल्याकडे पाहिलं.

“या गाडीला पट्टा नसतो रे. साखळी असते.”

गॅरेजवाला जमिनीकडे पाहत उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. काकूंना वाटलं, एवढं बारीक ज्याला आठवतं, त्याला आपण...

“खोटं लिहायची सवय नाही तुला,” काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते काकूंकडे वळले. “तू सांगितलंस?”

काकूंनी होकारार्थी मान हलवली.

“त्या दिवशी शाळेपाशी काय झालं, ते मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला. कुणीतरी पुसून टाकल्यासारखं आहे.” ते थांबले. “पण तुझा चेहरा आठवतो. कुणा परक्याकडे बघावं तशी तू माझ्याकडे बघत होतीस. मी विचारलं नाही. घाबरलो.”

“अहो, मीपण,” काकू म्हणाल्या.

“कुणाला लागलं का?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की. पाण्याची एक बाटली पडली फक्त.”

काकांनी श्वास सोडला. कागदाची घडी घातली, आणि किल्ली गॅरेजवाल्याच्या हातात नाही, काकूंच्या हातात दिली. “विकायची तर खरं सांगून विका,” ते म्हणाले. “डाव्या बाजूची काच मध्येच अडकते, तेही सांगा.”

मग त्यांनी बाकावरचं फडकं उचललं, इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली, पुसून परत खोचली. बॉनेट खाली आणलं. धाडकन आपटलं नाही. दोन्ही तळवे टेकवून, पूर्ण मिटेपर्यंत, हळूहळू दाबलं.