चौऱ्याऐंशी नकला

सिनेमा संपून दिवे लागले की लोक मोबाइल चाचपतात, मी चपला चाचपतो आणि आमची ही खुर्चीत तशीच बसून राहते. पडद्यावर नावं सरकत असतात. केशभूषा कोणी केली, दिवे कोणी धरले, कुत्र्याला कोणी शिकवलं, सगळं ती वाचते. झाडणारी बाई रांगेच्या टोकाला येऊन उभी राहते, मी दोनदा खोकतो, पण ही ढिम्म. "एवढ्या माणसांनी राबून केलंय, नावं वाचायला आपलं काय जातंय?" असं तिचं म्हणणं. माझं काय जातंय ते मी सांगत नाही. मला तोवर सपाटून भूक लागलेली असते.

दोघंही निवृत्त झाल्यापासून आमचा शनिवार ठरलेला आहे. दुपारी तीनचा खेळ, मग सहाच्या सुमाराला बाहेर जेवण. जेवणाबाबत तिचा एक नियम आहे: पूर्वी कधी खाल्ला नाही असा एक पदार्थ मागवायचाच. मी गेली सात वर्षं भाजलेला मासा आणि पाव मागवतो, आणि त्यातही दोष काढतो. मासा कोरडा, पाव शिळा, टेबल डुगडुगतं, पंखा नको तिथे वारा घालतो. माझ्या नाकावर कायम एक माशी बसलेली असते, हे मला मान्य आहे. हिला मात्र आजवर एकही जेवण पूर्ण वाईट लागलेलं नाही. अगदीच काही नसलं तर लोणी तरी ताजं असतं.

रविवारी सकाळी न्हाऊन, केस मोकळे सोडून ती कॉम्प्युटरसमोर बसायची आणि कालचा सिनेमा आणि कालचं जेवण लिहून काढायची. दोन बोटांनी. एकतीस वर्षं तिनं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्ताचे थेंब पाहिले. तिथे घाई चालत नाही, म्हणून इथेही नाही. सगळं एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक. कॉम्प्युटर लेकीनं तिचा जुना दिला होता. आईला सापडायला सोपं जावं म्हणून जाताना तिनं त्या फाइलचं एक चिन्ह पडद्याच्या मधोमध ठेवून दिलं होतं. ते दाबलं की फाइल उघडायची.

त्या फाइलची राखण माझ्याकडे. मी चौतीस वर्षं अभिलेख कक्षात काढली. तिथे छपरापर्यंत गठ्ठे होते, आणि माझ्या ताब्यातला एक कागद हरवला असं कोणी म्हणून दाखवावं! तेव्हा घरच्या दप्तराची हेळसांड मी कशी होऊ देईन? दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचं लिहून झालं की मी खुर्चीत बसायचो, ते चिन्ह उचलून पेन ड्राइव्हवर टाकायचो, वहीत अनुक्रमांक, तारीख आणि सही करायचो, आणि पेन ड्राइव्ह परत पत्र्याच्या डबीत. पहिल्या खेपेला खात्री म्हणून मी ती नक्कल उघडूनही पाहिली होती. अक्षरं दिसली. "उघडतंय," मी म्हणालो, आणि बंद केली. तेव्हापासून चौऱ्याऐंशी नोंदी झाल्या, एकही महिना चुकला नाही.

मग एका रविवारी कॉम्प्युटरनं मान टाकली. आधी आतून कटकट असा आवाज आला, मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तो काहीतरी म्हणाला आणि गप्प झाला. मी त्याला बाजूनं दोन चापट्या मारून पाहिल्या. आमच्या जुन्या रेडिओला हा उपाय चालायचा. ह्याला नाही चालला.

"अगं, सगळं गेलं बहुतेक," मी म्हणालो.

"जाऊ दे की. तुमच्याकडे नकला आहेत ना?" असं म्हणून ती उठली आणि केस बांधत कांदा चिरायला गेली. तिच्या आवाजात काळजीचा लवलेश नव्हता. तिचं सात वर्षांचं लेखन त्या यंत्रात होतं, आणि माझ्या डबीच्या भरवशावर ती कांदा चिरत होती. माझी छाती फुगली, हे कबूल करतो.

सोमवारी मी यंत्र उचलून दोन गल्ल्या सोडून असलेल्या दुरुस्तीवाल्या बाईकडे नेलं. पहिल्या मजल्यावर तिची एकच खोली आहे. भिंतीशी पोट फाडलेली यंत्रं रांगेनं उभी, आणि कपाळावर भिंग चढवून ती मधे बसलेली. तिनं माझं यंत्र उघडलं, कान लावला आणि मान हलवली.

"काका, डिस्क गेल्यात जमा आहे. यातलं काही हवं होतं?"

"हवं होतं, पण चिंता नाही," मी म्हणालो आणि मोठ्या ऐटीत डबी काढली. "नवीन डिस्क घाला, आणि हे तिच्यावर चढवा."

तिनं पेन ड्राइव्ह तिच्या यंत्राला लावला. दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

"काका, या चिन्हाच्या कोपऱ्यात हा बाण दिसतोय?"

"दिसतोय. पहिल्यापासून आहे. शोभेचा असेल."

"शोभेचा नाही हो. ही फाइल नाही, फाइलचा पत्ता आहे. घरच्या यंत्रावर दाबलं की तो त्या पत्त्यावर जाऊन फाइल उघडायचा, म्हणून तुम्हाला वाटलं फाइल इथे आहे. तुम्ही सात वर्षं पत्ता जपलात. घर तिकडेच होतं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. चौऱ्याऐंशी सह्या, आणि सगळ्या एका बाणासाठी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ती बाई भली. हसली नाही. म्हणाली, "चार दिवस द्या. डिस्कमधून निघेल तेवढं काढते."

ते चार दिवस मी घरात चोरासारखा वावरलो. ही मात्र मजेत. बुधवारी म्हणाली, "नवीन डिस्क आली की मला पहिल्यापासून सगळं एकदा वाचायचंय." मी 'हं' म्हणून वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मंगळवारचं होतं.

शुक्रवारी दुरुस्तीवाल्या बाईनं बोलावलं. डिस्कमधून बरंच निघालं होतं, पण सगळ्या फाइलींची नावं पुसली गेली होती. हजारो फाइली, आणि प्रत्येकीला नुसता आकडा.

"आता तुमची फाइल ओळखायची कशी?" ती म्हणाली. "सिनेमा हा शब्द शोधला तर तीन हजार ठिकाणी निघतो. तुमच्या लेकीचा पसाराही यातच आहे. काका, तुम्ही त्यातलं एखादं वाक्य सांगा. जसंच्या तसं. मी तेवढंच शोधायला लावते."



अभिलेख कक्षातला कुठला गठ्ठा कुठल्या फळीवर होता ते मी आजही झोपेतून उठून सांगेन. बायकोनं माझ्यापासून चार पावलांवर बसून साडेतीनशे रविवार लिहिलं, त्यातलं एक वाक्य मला सांगता येईना. वाचलंच नव्हतं, तर येणार कुठून? आमच्या कक्षात कागद वाचायचा नसतो, सांभाळायचा असतो. घरीही मी तेच केलं.

"आठवून सांगतो," मी ततपप करत म्हणालो, आणि जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सिनेमा एका नावाड्याचा होता. नदीवर पूल होतो आणि त्याची नाव रिकामी पडते. काय झालं पुढे विचारू नका, माझं लक्ष नव्हतं. हिनं सगळी नावं वाचून घेतली, मी एकदाही खोकलो नाही. जेवायला बसल्यावर तिनं लाल भोपळा भरलेली कसलीशी पातळ पोळी मागवली. माझा मासा आला आणि मी त्याला नावं ठेवली नाहीत. तिनं लगेच विचारलं, "बरं वाटत नाही का?"

मग मी सगळं सांगून टाकलं. डिस्क, डबी, बाण. ती ऐकत राहिली, आणि बाणाशी आल्यावर तिला हसू फुटलं.

"चौऱ्याऐंशी वेळा?"

"चौऱ्याऐंशी."

"आणि प्रत्येकाला सही?" डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. माझ्या जिवात जीव आला. अशी बायको मिळायला नशीब लागतं, असं मी मनात म्हणालो, आणि त्या भरात पुढचंही बोलून गेलो. "फाइली निघाल्यात, पण नावं गेलीत. आपली फाइल ओळखायला त्यातलं एक वाक्य हवंय."

"मग दिलंत का?"

मी पाव मोडला.

"अहो, एखादं तर आठवत असेल."

"मी वाचलं नाही गं."

"म्हणजे अलीकडचं?"

"कधीच."

तिनं काटा बशीत ठेवला. हसू गेलं, पण राग आला नाही. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मला वाटायचं, महिन्याच्या महिन्याला तुम्ही वाचता. बोलत नाही, एवढंच. तुमचा स्वभाव मला माहीत आहे ना. मी म्हणायचे, ह्यांनी अजून एकही चूक काढली नाही, म्हणजे ह्यांना आवडत असणार."

माझ्या गप्प बसण्याला ही बाई सात वर्षं कौतुक समजत आली होती.

पोळी गार झाली. तिनं ती तरीही संपवली. टाकणं तिला जमत नाही. मग हात पुसून म्हणाली, "लिहून घ्या. 'सूप गार होतं, पण वाढणाऱ्यानं ते इतक्या आदबीनं ठेवलं, की मी फुंकर घालून प्यायले.'"

मी कागदी रुमालावर लिहून घेतलं. लिहिता लिहिता मला ती संध्याकाळ आठवली. वाढणारा माझ्याच वयाचा होता, हात थरथरत होते त्याचे. मासा उशिरा आला म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. समोर ही सुपावर फुंकर घालत होती, आणि मला वाटलं होतं, चला, हिचं तरी गरम दिसतंय. एकाच टेबलावर बसून तिनं काय केलं होतं आणि मी काय केलं होतं! मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं जिच्यासोबत जेवतोय, ती माझ्यापेक्षा किती मोठी आहे हे मला त्या रुमालावर कळलं.

तिथूनच मी दुरुस्तीवाल्या बाईला ते वाक्य कळवलं. रविवारी कॉम्प्युटर नव्हता. ही वहीत लिहील असं मला वाटलं होतं, पण ती नुसती खिडकीशी केस वाळवत बसली.

सोमवारी सकाळी फोन वाजला. मी उचलून स्पीकरवर टाकला. "काका, सापडली! सगळी आहे, पहिल्या शनिवारपासून. काकू आहेत का? मला काकूंशीच बोलायचंय."

ही हात पुसत आली.

"काकू, रागावू नका," पलीकडून आवाज आला, "फाइल शाबूत आहे का ते पाहायला म्हणून उघडली, आणि काल दुपारपासून दुसरं कामच झालं नाही. त्या विमानतळावरच्या बाईचा सिनेमा मीही पाहिला होता. ती रडण्याआधी नाक ओढते, ते तुम्हीच टिपलंत! मी पुन्हा लावून बघितलं हो. आणि ते सूपवाले काका अजून आहेत का तिथे? मला जाऊन बघायचंय त्यांना."

"आहेत, आहेत," ही म्हणाली आणि भिंतीला टेकली. मग खाली बसली. फोन मांडीवर घेऊन ती बोलत राहिली, अर्धा तास तरी. नाक ओढण्याबद्दल, एका सिनेमातल्या रिकाम्या जिन्याबद्दल, सुपाबद्दल. गॅसवरचं दूध मी बंद केलं. चाळीस वर्षांत मी तिला हसताना पाहिलंय, रडताना पाहिलंय, पण चेहरा असा उजळलेला पाहिला नव्हता. आणि तो उजळायला काही लागत नव्हतं. कुठल्याही रविवारी चार पावलं चालून दोन पानं वाचली असती, तरी पुरलं असतं.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "तिनं वाचलं," ती म्हणाली.

संध्याकाळी यंत्र घरी आलं. मी तारा जोडल्या, फाइल उघडली, खुर्चीवरून उठलो आणि तसाच उभा राहिलो. चौतीस वर्षांत कुठल्या साहेबासमोर जीभ अशी जड झाली नव्हती.

"मी वाचू का?"

तिनं जवळ येऊन खुर्ची माझ्याकडे सरकवली, स्वतः शेजारच्या स्टुलावर बसली आणि पदर आवरून घेतला.

"वाचा," ती म्हणाली. "पण मोठ्यानं. मला ऐकायचंय."