अचलनाथ महाराजांचे दोन पट

“अचलनाथ महाराज की जय!”

विश्रामबागेतल्या त्या हॉलमध्ये तीनशे माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मंचावर ग्रँडमास्टर राजस डोकं धरून बसला होता. ज्यांनी जन्मात एक स्पर्धा खेळली नाही, त्या महाराजांनी त्याला नुकतंच हरवलं होतं.

मी उमा, सांगलीत बुद्धिबळ शिकवते. ग्रँडमास्टर विरुद्ध संगणक असा साधा सामना भरवायचा माझा बेत होता. हॉल मिळाला महाराजांच्या भक्तांचा, आणि अट आली: महाराज समाधी लावून एकाच वेळी दोघांशी खेळणार. मध्ये पडदा हवा, कारण ‘ऊर्जांची सरमिसळ’ होते म्हणे! मुख्य पंच म्हणून मी त्या अटीवर हसतहसत सही ठोकली. मूर्खपणा, दुसरं काय!

राजसची चाल झाली की महाराज पुटपुटत पडद्यापलीकडे जायचे, संगणकासमोर चाल करायचे, तिथे डोळे मिटून बसायचे आणि परत येऊन राजसला उत्तर द्यायचे. राजसने हार मानली, तसा महाराजांनी संगणकाशी चाललेला डाव अर्ध्यावर थांबवला.

“यंत्र म्हणजे बिनजिवाचं लेकरू! त्याला काय हरवायचं? जा, अभय दिलं!”

आता महाराजांच्या विजयाच्या प्रमाणपत्रावर माझी सही हवी होती. दोन सेवक दाराला पाठ लावून उभे होते. समोर कडेगावचे जयराज, लेकीचं मनगट धरून. त्यांची भार्गवी ही माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी.

“करा सही, मॅडम. आजच पोरीला मठात ठेवतो. शाळा न् क्लास लय झालं. हितं निस्त्या आशीर्वादानं डोकं चालतंय.”

भार्गवी माझ्याकडे बघत राहिली. सही केली तर ही पोरगी गेली. नाही केली तर ही माणसं मला बाहेर सोडणार नाहीत.

सहीआधी दोन्ही डावांच्या नोंदी तपासायच्या, हा पंचांचा रिवाज. वेळ काढायला म्हणून मी पडद्यापलीकडचे पंच कृष्णात यांच्याकडून त्यांचा कागद मागितला आणि माझ्या कागदाशेजारी धरला. पहिली चाल तीच. दहावी तीच. एकतिसावीसुद्धा तीच!

“महाराज, एवढा मोठा विजय भक्तांना दाखवू या की,” मी मोठ्याने म्हणाले. भक्तांनीच टाळ्या वाजवल्या, मग महाराज नाही कसे म्हणणार? पडदा निघाला. एका पटावर भार्गवी माझा कागद बघून चाली लावू लागली, दुसऱ्यावर कृष्णात त्यांचा.

“आवं, दोनीकडं सारखंच हाय की!” पुढच्या रांगेतल्या मनुबाई म्हणाल्या.

“असणारच,” मी म्हटलं. “राजसची चाल ह्यांनी संगणकाला दिली, संगणकाचं उत्तर राजसला आणून दिलं. खेळले ते दोघं. महाराजांनी फक्त हेलपाटे घातले.”

“हे समाधीचं साम्य आहे!” महाराज गरजले.

“मग एक विचारू?” भार्गवी म्हणाली. “राजसदादा पांढऱ्या सोंगट्यांनी हरले. संगणकासमोर पांढऱ्या कुणाच्या होत्या?”

“महाराजांच्या,” कृष्णात म्हणाले.

“म्हणजे तिथं महाराज हरत होते. अभय त्यांनी स्वतःलाच दिलं!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. जयराजांनी मनगट सोडलं होतं, ते कधी, मला कळलंच नाही.

“ह्ये तुला बी जमंल व्हय गं?”

“तुम्हालासुद्धा जमेल, पप्पा. खेळ यायचीसुद्धा गरज नाही.”

“मग खरंखुरं जिंकायला?”

“रोज चार तास बसावं लागतं.”

जयराज दारापाशी गेले आणि सेवकाला म्हणाले, “सर बाजूला.” तो सरला. राजस, कृष्णात आणि आम्ही तिघं बाहेर पडलो, तेव्हा आत पन्नासेक माणसं अजून महाराजांच्या पायावर डोकं ठेवायला रांगेत उभी होती.

त्यांना आणि तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे: हात जोडण्याआधी ‘हे कसं झालं?’ म्हणून विचारा. उत्तर देणारा चिडला, तर लेकरांना घेऊन सरळ घरी या.